घरातील खुर्द्याचा कैवार

बाजारातून परत आल्यावर उरलेली मोड डब्यात, मडक्यात, मातीच्या गल्ल्यात किंवा देव्हाऱ्याशेजारच्या कोनाड्यात टाकून ठेवण्याची जी वहिवाट आपल्या घराघरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तिच्याविरुद्ध अलीकडे अर्थशास्त्राच्या नावाने खटला उभा करण्यात येत आहे. आरोप करणारी मंडळी अभ्यासू असून लोकहिताची चाड बाळगणारी आहेत, म्हणूनच त्यांचा परामर्श आदराने, पण निःसंदिग्धपणे घेणे मला अवश्य वाटते. घरात पडलेले नाणे व्याज मिळवीत नाही, उलट महागाईने त्याची क्रयशक्ती झिजत जाते, सबब ते मृत धन होय, हा त्यांचा पहिला आरोप. कोट्यवधी घरांनी नाणी अडवून धरली की बाजारात सुट्या पैशांचा तुटवडा पडतो आणि नवी नाणी पाडण्याचा भुर्दंड सरकारी खजिन्यावर बसतो, हा दुसरा. मोबाईलवरून पाच रुपयेसुद्धा चुकते करता येत असता नाणी जपणे हा कालबाह्य हट्ट आहे, हा तिसरा. आणि घरच्याच माणसांपासून लपवून पैसा साठविल्याने कुटुंबात अविश्वास व मुलांत कृपणता रुजते, हा चौथा.

या आरोपांचा विचार मी भोर आणि वेल्हे, म्हणजे सरकारदप्तरी आता राजगड हे नाव लाभलेला तालुका, या दोन तालुक्यांच्या भूमीवर उभा राहून करू इच्छितो. कारण पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर सत्य ठरणारा सिद्धान्त हिरडस मावळात, वेळवंड खोऱ्यात, गुंजण मावळात किंवा कानंद खोऱ्यात तसाच्या तसा लागू पडेल असे गृहीत धरणे, हाच या खटल्यातील मूळ दोष आहे. सह्याद्रीच्या मुख्य धारेला बिलगलेला हा मुलूख. आषाढ-श्रावणात अहोरात्र कोसळणारा पाऊस, भाताची खाचरे, उतारावरची नाचणी आणि वरई, डोंगरांच्या सोंडांवर विखुरलेल्या वाड्या, आणि संसाराला रोकड पुरविण्यासाठी पुण्या-मुंबईची वाट धरलेला घरचा कर्ता पुरुष, अशी या प्रदेशाची घडण आहे. केळद किंवा मोहरीसारख्या गावच्या माणसाला वेल्ह्याची बाजारपेठ गाठण्यास दिवसाचा मोठा भाग खर्ची घालावा लागतो; आणि रायरेश्वराच्या पठारावर आजही जंगमांची जी वस्ती नांदते, तेथल्या माणसाला खाली यावयाचे तर आधी कड्याला लावलेली लोखंडी शिडी उतरावी लागते. अशा ठिकाणच्या गृहिणीला, ‘पैसा घरी ठेवू नका, बँकेत ठेवा’ असा उपदेश करणाऱ्याने तिच्या उंबऱ्यापासून बँकेच्या खिडकीपर्यंतच्या वाटेचा हिशेब आधी मांडलेला असावा, ही अपेक्षा गैरवाजवी म्हणता येणार नाही.

पहिला आरोप सर्वांत जुना आणि सर्वांत वजनदार आहे. मृत धन म्हणजे काय हे पटविण्यासाठी याच प्रदेशातील एक दाखला पुढे करता येतो, आणि तो टाळून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. तोरण्याची डागडुजी चालू असता शिवाजी महाराजांना पुरलेले द्रव्य सापडले आणि ते मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड उभारण्याच्या कामी आले, अशी परंपरा आहे. यावरून कोणी असे म्हणेल की, कोणा अज्ञाताने पुरलेले ते धन जोवर मातीत होते तोवर त्याचा उपयोग ना राजाला होता ना रयतेला. ते बाहेर निघाले तेव्हाच त्यातून एक राजधानी उभी राहिली. हा दाखला मला संपूर्ण मान्य आहे, आणि मान्य असल्यामुळेच त्यातून काढलेला निष्कर्ष मला अमान्य आहे. त्या द्रव्याला मृतत्व आले ते त्याचा धनी नाहीसा झाला म्हणून. ते कोणी, कशासाठी आणि केव्हा काढावयाचे, हे जाणणारे कोणी मागे उरले नाही म्हणून. गल्ल्यातील खुर्द्याचा धनी हयात असतो, त्याच घरात सकाळ-संध्याकाळ वावरत असतो, आणि गिरणीवरचे दळण, पोराची वही, एस.टी.चे तिकीट, दारी आलेल्या कासाराची बांगडी, जत्रेतला नारळ अशा शंभर निमित्तांनी त्यात हात घालीत असतो. तोरण्याच्या त्या द्रव्याला प्रयोजन सापडल्याबरोबर ते खर्ची पडले, ही गोष्ट तर माझ्याच पक्षाची आहे. कारण प्रयोजन उभे राहताच हाताशी असणे, हाच घरच्या पैशाचा गुण मी सांगू पाहतो.

आता व्याजाचा हिशेब. बचत खात्यावर बँका आज दरसाल शेकडा अडीच ते तीन रुपये देतात. पाचशे रुपयांचा खुर्दा वर्षभर खात्यात राहिला तर खातेदारास फार तर पंधरा रुपये मिळतील. तो भरण्यासाठी आणि पुन्हा काढण्यासाठी डोंगरातून खाली उतरावयाचे, तर जीपच्या एका फेरीचे भाडेदेखील त्या पंधरा रुपयांत निघत नाही, आणि बुडालेला रोज वेगळाच. याउलट बाजू पाहा. भातलावणीच्या ऐन धांदलीत, ओढे भरून वाहत असताना, रात्री घरातले मूल तापाने फणफणले, औषधास आणि वाहनास पाचशे रुपये लागले आणि घरात दमडी नसली, तर ते कोणाकडून तरी हातउसने काढावे लागतात. खाजगी उसनवारीचा दर दरमहा शेकडा पाच धरला, तर या पाचशेंवर महिन्याला पंचवीस आणि वर्षाला तीनशे रुपये व्याज होते. घरातल्या पाचशेंनी वर्षभरात काय मिळविले, असे विचारणाऱ्यांनी हे न भरावे लागलेले तीनशे रुपये जमेस धरावेत. म्हणजे ज्याला ते निष्क्रिय म्हणतात, त्या पैशाचे उत्पन्न बँकेच्या व्याजाच्या वीसपट निघेल. जमाखर्चाच्या वहीत टळलेल्या खर्चाला रकाना नसतो, म्हणून तो खर्च टळलाच नाही असे होत नाही.

याच पुणे जिल्ह्यात १८७५ सालच्या मे महिन्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे आणि वह्या हिसकावून त्यांची होळी केली, तो वणवा पुणे-अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गावांत पसरला, आणि अखेर १८७९ मध्ये सरकारला शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा करावा लागला. रोखा फुगतो तो दरवेळी मूळची रक्कम मोठी असते म्हणूनच फुगतो असे नाही; लहानशा नडीला लहानशी रक्कम वेळेवर न मिळाल्यामुळे घेतलेल्या कर्जाचे व्याज मुद्दलात मिळत जाऊनही तो फुगतो. त्या पहिल्या, लहानशा नडीपाशी कुटुंब आणि कर्ज यांच्यामध्ये जे काही उभे राहू शकते, ते घरात ठेवलेले सुटे पैसेच.

महागाईने नाणे झिजते, हे मी नाकारीत नाही. ते बचत खात्यातही झिजते, एवढेच स्मरण देतो. पुढच्या वर्षीच्या पेरणीसाठी बियाण्याचे भात कणगीत बाजूला काढून ठेवणारा शेतकरी त्या भातावर व्याज घेत नाही, उंदीर-घुशींपायी त्यातले काही गमावतोही. तरी ते मृत धान्य आहे असे आजवर कोणी म्हटलेले नाही.

दुसऱ्या आरोपाच्या पाठीशी इतिहासाचा आधार आहे, आणि तो न्याय्य रीतीने मांडला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, लोकांनी रुपयांची नाणी घरात कोंडण्यास आरंभ केला, तेव्हा स्वतःच्या वा धंद्याच्या गरजेपेक्षा अधिक नाणी जवळ करणे हा भारत संरक्षण नियमांखाली गुन्हा ठरविण्यात आला आणि एक रुपयाच्या नोटा चलनात आणाव्या लागल्या. पुढे धातूची काटकसर म्हणून १९४३ मध्ये मध्यभागी छिद्र असलेला पैसा निघाला, जो आपल्या आजी-आजोबांच्या पिढीने ‘भोकाचा पैसा’ म्हणून वापरला. पण त्या वेळी नाणी अडली ती त्यांत चांदी होती आणि राजसत्तेच्या कागदावरचा विश्वास डळमळला होता म्हणून. आजचे नाणे बहुतांशी पोलादाचे. ते वितळवून कोणाला सावकार होता येणार नाही.

शिवाय आजची वस्तुस्थिती या आरोपाच्या नेमकी उलट आहे. २०१८ च्या जानेवारीत मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा या चारही टांकसाळींतील नाणी पाडण्याचे काम काही काळ थांबविण्यात आले, आणि त्याचे कारण, पाडलेली नाणी ठेवण्यास जागा उरली नव्हती, हे होते. ज्या देशात टांकसाळीची कोठारे नाण्यांनी ओसंडतात, त्या देशात तुटवड्याचा दोष कानंद खोऱ्यातील एखाद्या म्हातारीच्या डब्यावर टाकणे अन्यायाचे आहे. खरा अडथळा कोठे आहे, हे त्या म्हातारीला विचारावे. ती वर्षाची मोड पदरात बांधून खाली उतरते, तेव्हा बँकेच्या खिडकीवरचा माणूस, ‘एवढी चिल्लर मोजायला वेळ नाही’ असे सांगून तिला परत पाठवितो; दुकानदार दहाचे नाणे खोटे असल्याच्या अफवेवर भरवसा ठेवून ते नाकारतो. वास्तविक, दहा रुपयांच्या नाण्याचे चौदाही नमुने वैध आहेत, असे रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये जाहीर केले होते. ग्राहकाने बँकेत किती नाणी भरावीत यावर कोणतीही मर्यादा नाही, आणि एक व दोन रुपयांची नाणी वजनावर किंवा शंभर-शंभर नाण्यांच्या पिशव्यांतूनही स्वीकारता येतील, हेही रिझर्व्ह बँकेनेच सांगून ठेवले आहे. नियम इतका उदार असता व्यवहार इतका कंजूष राहतो, हे मला संतापजनक वाटते. नाणे घराबाहेर पडण्यास तयार आहे. त्याला आत घेण्यास दार उघडे नाही.

तिसऱ्या आरोपावर फार शब्द खर्च करण्याचे कारण नाही. मोबाईलवरून पैसे देण्याची सोय २०१६ नंतर झपाट्याने फैलावली, ती उत्तम आहे, आणि भोरच्या बाजारपेठेत तिचा उपयोगही होतो. पण डोंगराच्या घळीत जेथे संदेशलहरी पोहोचत नाहीत, पावसाळ्यात जेथे वीज दोन-दोन दिवस येत नाही, तेथे नाण्याला ना लहर लागते ना वीज. त्याच वर्षी, ८ नोव्हेंबरच्या रात्री, पाचशे आणि हजारांच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा घरोघरच्या स्त्रियांनी धान्याच्या डब्यांत जपलेल्या नोटा त्यांना सर्वांसमक्ष बाहेर काढाव्या लागल्या. नाण्यांना मात्र त्या आज्ञेचा स्पर्शही झाला नाही, आणि पुढचे कित्येक दिवस मीठ, मिरची नि काडेपेटी गल्ल्यातल्या खुर्द्यावरच घरात आली.

चौथा आरोप नीतीचा आहे, आणि माझ्या मते या वादाचे मर्म येथेच आहे. घरच्या माणसांपासून लपविलेला पैसा, असे म्हणताना ‘लपविणे’ या क्रियेचा कर्ता कोण आहे, हे पाहण्याची तसदी आरोप करणारे घेत नाहीत. भाताची विक्री पुरुषाच्या हाती, मुंबईहून येणारी रक्कम पुरुषाच्या नावाची, जमिनीचा सातबारा पुरुषाचा. मग ज्या स्त्रीने उन्हाळ्यात जाळीतली करवंदे आणि झाडाची जांभळे द्रोणात भरून तोरण्या-राजगडाच्या वाटेवर विकली, कोंबडीची अंडी शेजारी दिली, कोणाच्या खाचरात लावणीला गेली, तिच्या हातात आलेली दहा-पाचांची नाणी तिने कोठे ठेवावीत? विज्ञानेश्वराच्या मिताक्षरेने, जी महाराष्ट्रात प्रमाण मानली गेली, स्त्रीधनाची व्याख्या इतर टीकाकारांपेक्षा पुष्कळ व्यापक केली. पण शास्त्रातला हक्क ज्या वस्तूत रोज प्रत्यक्ष वसतो, ती वस्तू उतरंडीतले तळाचे मडके ही आहे. त्या मडक्यातल्या पैशाचा जाब तिला कोणाला द्यावा लागत नाही. माहेरी जाताना भाच्याला खाऊ न्यावा, लेकीला शाळेच्या सहलीला पाठवावे, देवीची ओटी भरावी, हे तिने कोणाला न विचारता ठरवावे, एवढे स्वातंत्र्य त्या मडक्यात साठलेले असते; आणि ज्या घरात तिला ते लपवावे लागते, त्या घरातील अविश्वास मडक्याने निर्माण केलेला नसतो, तो आधीपासून तेथे असतो.

यावर उत्तर येईल की, २०१४ च्या जनधन योजनेपासून तिच्या नावाचे खाते आहे, आणि २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दरमहा दीड हजार रुपये त्या खात्यात जमाही होतात. या दोन्ही गोष्टींचे मी मनापासून स्वागत करतो. परंतु खाते तिचे असले तरी पासबुक कोणाच्या ट्रंकेत आहे, कार्डाचा गुप्त आकडा कोणाला पाठ आहे आणि तालुक्याला मोटारसायकलीवर कोण जाऊ शकतो, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून त्या खात्यावर तिची सत्ता किती, हे ठरविता येणार नाही. खात्यातला दीड हजार ज्या दिवशी ती स्वतः काढील, मोजील आणि घरी आणून आपल्या मनाने ठेवील, त्या दिवशी खाते आणि मडके यांच्यात वैर उरणार नाही. मुलांत कृपणता रुजते, हा याच आरोपाचा दुसरा भाग. पण स्वतः भरलेल्या गल्ल्यातून बहिणीला राखीची ओवाळणी घालणाऱ्या मुलाला मी कृपण म्हणू शकत नाही.

येथपर्यंत प्रतिपक्षाशी बोललो. आता स्वपक्षाशी बोलणे प्राप्त आहे, कारण गल्ल्याचा कैवार घेणारे बहुतेकजण ‘थेंबे थेंबे तळे साचे’ या म्हणीचा आधार घेतात, आणि तो आधार मला कच्चा वाटतो. घरातल्या मोडीचे तळे होत नाही. रोज पाच रुपये टाकणाऱ्या घराची वर्षअखेरची शिल्लक अठराशे पंचवीस रुपये होईल. त्यात ना विहीर होते ना लग्न. शिवाय भोर-वेल्ह्याला तळ्यांचे महत्त्व कोणी शिकवावे? वेळवंडीवरचे भाटघर, नीरेवरचे देवघर, आंबी नदीवरचे पानशेत, मोसे नदीवरचे वरसगाव ही प्रचंड तळी याच दोन तालुक्यांच्या पावसाने साचली, याच तालुक्यांची गावे पोटात घेऊन साचली, आणि त्यांचे पाणी बारामती-फलटणच्या उसाला आणि पुणे शहराच्या नळांना गेले. साचण्यापेक्षा साचलेल्यावर हुकमत कोणाची, हा प्रश्न या मुलखाने पुरेपूर सोसलेला आहे. म्हणून गल्ल्याचा महिमा तो मोठा होतो म्हणून गाऊ नये. तो लहानच राहतो, हाताशी राहतो, आणि ज्याने भरला त्याच्याच शब्दाने रिकामा होतो, एवढ्यासाठीच त्याचे समर्थन करावे. यापलीकडचे जे काम आहे, ते बचत गटाचे. शिवगंगा आणि गुंजवणीच्या खोऱ्यांत ज्ञान प्रबोधिनीच्या कार्यकर्त्यांनी गावोगावच्या स्त्रियांचे बचत गट बांधले. दरमहा ठरावीक लहान रक्कम गोळा करावयाची, तिची नोंद सर्वांसमक्ष करावयाची आणि त्यातूनच अडल्या बाईला कर्ज द्यावयाचे, ही या गटांची रीत. गटाच्या बैठकीला जाताना बाई जी रक्कम मुठीत घेऊन निघते, ती त्या महिन्यात कोठे जमली होती, याचा विचार केला म्हणजे गल्ला हा गटाचा प्रतिस्पर्धी नसून त्याचे पहिले पाऊल आहे, हे ध्यानात येईल. बँकांनाही ही गोष्ट एके काळी कळली होती. उडुपीच्या एका बँकेने १९२८ मध्ये रोज दोन आणे घरोघर जाऊन गोळा करणारी पिग्मी ठेव सुरू केली, तिची प्रेरणा ठेवीदाराच्या दाराशी जाण्यातच होती.

तेव्हा माझा पक्ष असा की, घरात खुर्दा साठवावा, पण त्याला मुदत असावी. मुदतीवाचून साठविलेल्या नाण्याची गत काय होते, हे ३० जून २०११ रोजी दिसले: त्या दिवसापासून पंचवीस पैसे आणि त्याखालची सर्व नाणी बाद झाली, आणि ज्यांनी पावल्या वर्षानुवर्षे हंडीत जपल्या होत्या त्यांच्या हाती धातूच्या चकत्या उरल्या. या दोन तालुक्यांपुरते बोलावयाचे तर गल्ला फोडण्यास ज्येष्ठाचा आरंभ हा योग्य काळ आहे. आगोटीची बेगमी त्याच दिवसांत करावयाची असते. मीठ, मिरची, डाळी, इरले किंवा प्लास्टिकचा कागद, बियाणे, आणि शाळा उघडताच लागणाऱ्या वह्या-पेन्सिली, हे सारे खर्च एकदम अंगावर येतात, आणि पुढे चार महिने खाली उतरणे कठीण होते. गल्ला ज्याचा त्यानेच फोडावा, मोजणी त्यानेच करावी, आणि त्यातले थोडे पावसाळ्यातल्या अडीअडचणीसाठी पुन्हा तळाशी ठेवून बाकीचे बाजारात न्यावे. भोरच्या आणि वेल्ह्याच्या बँकशाखांनी त्या महिन्यात आठवड्यातून एक दिवस केवळ नाणी स्वीकारण्यासाठी नेमून तसा फलक दारावर लावावा, आणि शंभर-शंभरांच्या पिशव्या मोकळेपणाने वजनावर घ्याव्यात. यासाठी कोणताही नवा हुकूम लागत नाही, असलेला पाळला तरी पुरे. त्याहून जवळचा मार्ग गावच्या वाण्याचा. सुटे नाहीत म्हणून जो वर्षभर गिऱ्हाइकाच्या हातावर गोळ्या ठेवतो, त्याने त्या दिवसांत घरोघरचा खुर्दा नोटा देऊन पुरा मोबदला चुकता करून उचलावा, आणि दहाच्या नाण्याला नकार देणे बंद करावे.